मागं माणूस आहे

आमच्या घरात कोणी नोकरीला लागलं, की त्याच्या वाट्याला तिसरा पेढा यायचा. पहिला देवापुढं. दुसरा त्याच्या पाठच्याला. थोरली माय, म्हणजे आमची आजी, तो पाठच्याच्या तळहातावर ठेवायची, बोटं मिटवायची आणि म्हणायची, "घे. आता तुझा लंबर." मग लागलेल्याकडं वळायची. "अन् तू ध्यानात ठेव बाबा, मागं माणूस आहे."

मागं माणूस आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकात ज्यांनी मानवतात शाळा केली, त्यांनी हे वाक्य कुठं ना कुठं ऐकलेलं असणार. कोणाकडं आजी म्हणायची, कोणाकडं चुलता. शब्द थोडे इकडं-तिकडं असतील, अर्थ तोच.

आता कामातली उमेद कशी टिकवावी, नोकरीत पुढं कसं जावं, यावर पुस्तकं निघतात, शिबिरं भरतात, मोबाइलवर माणसं तासन्‌तास बोलतात. आम्हाला यावर कोणी वेगळं बसवून काही सांगितलं नाही. जे कळलं ते ढेळजेत शेंगा फोडता फोडता कळलं, सरकी निवडता निवडता कळलं. घरातली थोरली माणसं एकेक करून चालली आहेत, म्हणून ते लिहून ठेवते.

मानवत म्हणजे कापूस. परभणीहून पाथरीकडं निघालं, की कल्याण–निर्मल रस्त्यावर लागणारं हे गाव. निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमाराला हैदराबाद–मनमाड रेल्वे आली आणि आम्हाला ठेसन मिळालं, पण त्याचं नाव मानवत रोड. गाव एकीकडं, ठेसन दुसरीकडं. परगावचा पाहुणा मानवत रोडला उतरून "पोचलो" म्हणायचा, आणि तो घरी येईस्तोवर इकडं चहा दोनदा उकळून जायचा.

दसरा झाला की हंगाम. मोंढ्यात कापसाच्या गाड्या, गाड्यांखाली कडबा, कडब्यावर बैल, बैलांमधून वाट काढत शाळेत जाणारे आम्ही. जिनिंगचा भोंगा वाजला की गाव उठायचं. घड्याळं मोजक्या घरांत, भोंगा मात्र सगळ्यांचा. भोंग्यावर चूल पेटायची, भोंग्यावर शाळा भरायची, भोंग्यावर बाया लेकराला पाजून जिनवर कापूस लोटायला निघायच्या. संध्याकाळी परत यायच्या तेव्हा त्यांच्या केसांत, पापण्यांवर, लुगड्याच्या निऱ्यांत रुई. घरात शिरण्याआधी अंगणात पदर झटकायचा. ती झटकलेली रुईही वाया जायची नाही, तिच्या वाती व्हायच्या. मळक्या रुईची उशी व्हायची. जुन्या लुगड्यांची वाकळ व्हायची, आणि वाकळ विरली की तिचं पोतेरं.

आमचे आजोबा निजामाच्या अमलात पटवारी. दफ्तर उर्दूत, अर्ज उर्दूत, हिशेब उर्दूत. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. हळूहळू निजामाचा हाली सिक्का गेला, पुढं १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि कारभाराची भाषाच पालटली. आजोबांची चाळिशी उलटलेली. अक्षर देखणं, पण उजवीकडून डावीकडं जाणारं. मराठी घरात बोलायची आणि पोथी वाचायची, एवढाच संबंध. कचेरीचं मराठी कोणी लिहिलं होतं?

मग कंदिलाच्या उजेडात त्यांची शाळा सुरू झाली. शिकवायला त्यांचाच थोरला मुलगा, म्हणजे आमचे अण्णा, तेव्हा विशीतलं पोर. अण्णा शुद्धलेखन घालायचे, आजोबा पाटीवर उतरवायचे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की पोरानं फुली मारायची, बापानं पुसून परत लिहायचं. शेजारचे येऊन बघून जायचे. एकानं विचारलंही, "पटवारी, ह्या वयात कामून हा ताप?" आजोबा म्हणाले, "राज्य बदललं म्हणून काम बिघडलं, असं कोणी म्हणू नये." अण्णा हे सांगताना दर वेळी थोडं थांबायचे. मला वाटतं, आमच्या घरातल्या पुढच्या सगळ्या नोकऱ्या त्या पाटीवरून निघाल्या. पोराच्या हातची फुली आजोबांनी खाली मान घालून घेतली. पुढं आमच्याकडं कोणालाच, कोणाकडूनही शिकायची लाज वाटली नाही.

दुसऱ्या पेढ्याचा रिवाजही आजोबांच्याच एका शब्दानं पक्का झाला. मधले काका एस.टी.त वाहक म्हणून लागले. काकांच्या पाठची आत्या, तिच्या पाठचे धाकटे काका. पेढा घेतलेला थोरल्या मायचा हात सहजच धाकट्या काकांकडं वळला. तिनं मुद्दाम केलं नव्हतं. हात तसेच वळायचे तेव्हा. आजोबा ओसरीवरून म्हणाले, "पाठची ही आहे. लंबर हिचा." घरात कोणी बोललं नाही. आत्यानं पेढा घेतला, आणि पुढं डी.एड. होऊन एका खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी झाली. हो, गुरुजीच. त्या खेड्यात बाईमाणूस शिकवायला पहिल्यांदाच आलेलं. पोरं "गुरुजी" म्हणायची, तिनं ते कधी दुरुस्त केलं नाही.

आत्याची शाळा म्हणजे एक खोली, चार वर्ग. एस.टी. फाट्यावर सोडायची, पुढं पायी. पावसाळ्यात काळ्या रानाचा चिखल असा, की चपला हातात आणि साडी गुडघ्यापर्यंत. कापसाचा वेचा सुरू झाला की शाळेतल्या मुली एकेक करून गायब. वेचणीची मजुरी वजनावर मिळायची, मुलीचे दोन हात घरच्याला हवे असायचे. आत्या शाळा सुटल्यावर रानात जायची. ओळीत त्यांच्याबरोबर कापूस वेचायची आणि पाढे म्हणून घ्यायची. एका झाडाला एक ओळ. शेवटची ओळ आली की दुसरा पाढा. वेचलेला कापूस त्या मुलीच्याच ओट्यात टाकायची, म्हणजे वजन कमी भरलं म्हणून घरचा बोल नको. त्यातल्या काही मुली पुढं अंगणवाडीताई झाल्या, एक नर्सबाई झाली, आणि एक तर त्याच शाळेत गुरुजी म्हणून आली. आत्याला जिल्ह्याचा कसलाही पुरस्कार मिळाला नाही. मिळायला हवा होता, हे मी आजही म्हणते.

१९७२ साली आमच्यावर एकदम किती काही आलं! आधीच पावसानं दगा दिलेला, त्या साली त्यानं पाठच फिरवली. आजोबा तोवर गेलेले, रान कोरडं ठणठणीत, बारव तळाला. दुष्काळी कामं निघाली. खडी फोडायची, पाझर तलाव खोदायचे, रस्त्यावर मुरूम टाकायचा. ज्या घरच्या बाया कधी मजुरीला गेल्या नव्हत्या, त्याही पाटी डोक्यावर घेऊन निघाल्या. लाल मिलोची भाकरी घशाखाली उतरायची नाही, पण उतरवायची. लेकरांना सुकडी. त्या कामांतूनच रोजगार हमी योजना उभी राहिली, पुढं राज्यानं तिचा कायदा केला आणि २००५ साली सबंध देशानं केला. दिल्लीत कायदा होण्याच्या कितीतरी आधी आमच्या आजीनं त्या कामावर हातोडा चालवला होता, हे आम्ही पोरांना अभिमानानं सांगतो.

थोरली माय तेव्हा साठीला टेकलेली. तिचा खडीचा ढीग बघण्यासारखा असायचा. एक खडा मोठा नाही, एक बारीक नाही. मुकादम माप घ्यायला यायचा, तिचा ढीग बघून नुसती मान हलवायचा आणि वहीत आकडा टाकून पुढं निघायचा. थोरली माय त्याला माघारी बोलवायची. "माप घ्या. माझंही घ्या अन् हिचंही घ्या. हिचा दिसायला कमी दिसतोय, पण भरतोय." ही म्हणजे शेजारी बसलेली, बाळंतपणातून नुकती उठलेली सून कोणाची तरी. माप घेतलं की भरायचंच. न भरायला काय झालं, थोरली माय दुपारच्या सुट्टीत आपल्या हातोड्याचे चार घाव तिकडं घालून यायची.

त्याच १९७२ मध्ये, १८ मेला, परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ झालं. त्याच वर्षी सरकारची कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. विद्यापीठानं आमच्या पिढीतल्या कितीतरी पोरांना वाट दाखवली. कोणी तिथं शिकलं, कोणी तिथंच कारकून लागलं, कोणी कृषी सहायक होऊन गावोगाव फिरलं. एकाधिकार खरेदीनं मात्र आम्हाला रांग शिकवली. खरेदी केंद्राबाहेर गाड्यांची ओळ रस्त्यावर लांबच लांब जायची. रात्र गाडीखाली काढायची, थंडीत तुराट्या पेटवायच्या. ग्रेडर येणार, प्रत ठरवणार, मग काटा, मग चुकाऱ्याची वाट. त्या ओळीत भांडणं झाली नाहीत असं नाही. पण ज्याचा बैल आजारी पडला, ज्याच्या घरी कोणी दगावलं, त्याची जागा कधी गेली नाही. तो रात्रीतून घरी जाऊन यायचा, आणि मागचा गडी आपली गाडी सोडून त्याची गाडी ओढून पुढं घ्यायचा. कोणी हरकत घेतली, की ओळीतून आवाज यायचा, "ए, त्याच्या मागं माणूस आहे!"

अण्णा सरकारी नोकरीला लागले नाहीत. मोंढ्यात एका अडतीवर ते दिवाणजी. कीर्द, खतावणी, रोजमेळ, उधारीची वही, सगळं त्यांच्या हातचं. लाल कापडी बांधणीच्या वह्या, मांडीवर उतरता पाट, बोरूनंतर टाक आणि टाकानंतर शाईचं पेन. पेनचं निब झिजलं की काचेवर घासायचे, पुन्हा चालू. रात्री रोजमेळाला चार आण्यांचा फरक आला तर जेवणाला बसायचे नाहीत. शेठ म्हणायचा, "दिवाणजी, चार आणे माझ्या नावावर टाका." अण्णा म्हणायचे, "टाकतो. आधी गेले कुठं ते बघतो."

चिमटीत कापूस घेऊन दोन्ही अंगठ्यांत धागा ओढायचा, एवढ्यावर ते लांबी आणि ओल सांगायचे. गावरान कोणता, संकरित कोणता, कोणत्या गाडीत खाली भिजलेला भरलाय. पण त्यांची खरी कमाई वेगळीच. मोंढ्यात शेतकऱ्याला मालाची पट्टी मिळायची, तिच्यात वजन, भाव, हमाली, तोलाई, अडत, सगळी वजावट. अक्षरओळख नसलेला माणूस ती घेऊन दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यायचा, खरं आहे का ते बघायला. अण्णांनी लिहिलेली पट्टी कोणी दुसऱ्याकडं वाचायला नेत नसे. दिवाणजींच्या पगारात त्यामुळं एका रुपयाची वाढ झाली नाही. तरी मला विचाराल, तर आमच्या घरातला सगळ्यात यशस्वी माणूस तो.

हाताखालच्या पोराला ते वही शिकवायचे ती स्वतःच्या जागेवर बसवून. स्वतः बाजूला, सतरंजीवर. "मी नसंल त्या दिवशी पेढी अडली नाही पाहिजे." लोकांना वाटायचं, दिवाणजी आपल्या पोटावर पाय आणतोय. ते पोर पुढं त्याच जागेवर दिवाणजी झालं, आणि अण्णांच्या म्हातारपणी दर पाडव्याला नवी वही घेऊन पहिली ओळ लिहून घ्यायला घरी यायचं.

आता अर्जाचं सामान. ज्यांनी ते हाताळलंय त्यांना वास येईल बघा, डिंकाचा आणि कार्बनपेपरचा. परभणीच्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड, ते मुदतीत नूतनीकरण करायचं, विसरलं की नंबर गेला. शाळा सोडल्याचा दाखला. गुणपत्रिका. उत्पन्नाचा दाखला. त्यांच्या खऱ्या नकला, झेरॉक्स यायच्या आधी टाइप करून घेतलेल्या. त्यांवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही आणि गोल शिक्का. त्यासाठी साहेबाच्या दारात सकाळी उभं राहायचं, आधी नाही, नंतर नाही, चहा झाल्यावर. पोस्टल ऑर्डर. स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट. जाहिरात कापायची ती वाचनालयातल्या पेपरातून नव्हे, ते पाप. वहीत उतरून आणायची. अनंत भालेरावांचा 'मराठवाडा' त्या वाचनालयात आधी अग्रलेखासाठी वाचला जायचा की जाहिरातींसाठी, हे वयावर अवलंबून.

हे सगळं राहायचं एका पिवळ्या फायलीत, लाल नाडीच्या. ती फाईल आमच्या थोरल्या दादांची. ती लोखंडी पेटीत, डांबराच्या गोळ्यांशेजारी. दादा लागले आणि ती पाठच्याकडं गेली. तो लागला, पुढच्याकडं. लागलेल्यानं नाडी नवी घालून परत द्यायची, असा शिरस्ता पडला. फायलीच्या आतल्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं नावं एकाखाली एक.

फायलीबरोबर सदरा. पांढरा, टेरिकॉटचा. १९७५ साली देशात ग्रामीण बँका निघाल्या, आमच्याकडंही शाखा उघडू लागल्या, आणि दादांना मुलाखतीचा कॉल आला. तेव्हा तो शिवला. कापड अण्णांनी दिवाळीच्या बक्षिसीतून घेतलं. दादा त्या सदऱ्यात लागले, म्हणून सदरा पायगुणाचा ठरला. मग तो घरचा राहिला नाही, गल्लीचा झाला. तलाठ्याच्या मुलाखतीला तोच, एस.टी.ला तोच, विद्यापीठाला तोच, आरोग्य खात्याला तोच. बाह्या कधी लांब कधी आखूड. शिंप्यानं शिलाईतच जास्तीचं कापड दडवून ठेवलं होतं, त्याला माहीत होतं की हा सदरा वाढणार आहे. कॉलर झिजली तेव्हा उसवून पालटली. दुसऱ्यांदा झिजली तेव्हा शर्टाच्या खालच्या पट्टीतून कापड काढून नवी बसवली. मजुरी घ्यायचा नाही. म्हणायचा, "लागू द्या पोरगं, मग घेतो." लागल्यावरही घ्यायचा नाही. मुलीसाठी आत्याची मोतिया साडी होती. तिची कहाणी अशीच, फक्त तिला शिंपी लागला नाही.

सदऱ्याला नीळ द्यायची माय, इस्त्री करायची पितळी लोट्यात निखारे घालून. मनगटावर काकांचं एच.एम.टी. घड्याळ. बूट ज्याच्या मापाचे मिळतील त्याचे. आणि खिशात दही-साखरेचा हात पुसलेला रुमाल.

प्रत्येक कॉल काही नोकरी होऊन येत नव्हता. पोरगं संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं, सदरा काढून खुंटीला अडकवायचं. कोणी काही विचारायचं नाही. दुसऱ्या दिवशी सदरा धुऊन दोरीवर. गल्लीतून जाणारा-येणारा दोरी बघायचा आणि समजायचा, आणि चार दिवस त्या पोराला "काय झालं रे?" म्हणून कोणी छेडायचं नाही. उलट पिठाच्या गिरणीवर त्याचा डबा आधी दळून मिळायचा. एवढी जाण गल्लीला होती.

टायपिंगशिवाय तर कोणाचं काही झालंच नाही. सकाळच्या बॅचला खोलीत ओळीनं मशिनी. एएसडीएफजीएफ, सेमीकोलन एलकेजेएचजे. हा मंत्र आमच्या पिढीला संध्येपेक्षा पाठ. करंगळी काही केल्या बसायची नाही. मशीन सुटलं तरी बोटं सुटायची नाहीत, जेवताना ताटाच्या काठावर, एस.टी.त पुढच्या सीटच्या दांडीवर. रिबीन फिकी पडली की उलटी घालायची. कार्बन असा वापरायचा की शेवटी त्यातून आरपार दिसावं. तीसची परीक्षा, मग चाळीसची. परीक्षेला मशीन आपलं आपण न्यायचं, म्हणून ते वाकळेत गुंडाळून, पोत्यात घालून, दोघांनी धरून एस.टी.च्या टपावर चढवायचं. मधले काका वाहक होते त्या गाडीला पोरं थांबून राहायची. मशीन काकांच्या पायाशी सुखरूप, आणि काका प्रत्येकाला उतरताना सांगायचे, "घंटी ऐकून वळायचं, घाबरून वळायचं नाही."

१९८५ साली औरंगाबादजवळ वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि वाऱ्याची दिशा पालटली. आय.टी.आय.ला फिटर, टर्नर, वेल्डर, वायरमन झालेली पोरं अ‍ॅप्रेंटिस म्हणून तिकडं निघाली. आधी गेलेल्याच्या खोलीवर उतरायचं, वातीच्या स्टोव्हवर खिचडी, पाळ्या ठरलेल्या. रात्रपाळीवाल्यानं अंथरूण सोडलं की दिवसपाळीवाला त्यात. दादांची बदली तोवर औरंगाबादला झालेली. त्यांच्या दोन खोल्यांत कोण नव्हतं? धाकटा भाऊ, चुलतभाऊ, आत्याचा दीर, शिंप्याचा मुलगा, मोंढ्यातल्या मापाड्याचा पुतण्या. एक पगार आणि ताटं अनेक. वहिनी पोळ्या मोजायच्या नाहीत, पीठ मोजायच्या. पहिल्या पगाराची मनीऑर्डर मानवतला यायची, कुपनावर दोन ओळी: "पैसे पाठवले. पुढच्याला पाठवून द्या."

पण एक गोष्ट गोड करून सांगायची नाही, असं मी ठरवलं आहे.

दादांना एम.ए. करायचं होतं. इतिहास. ती आस धरूनच ते बँकेत बसले. बँकेत पदोन्नतीची संधी आली, एकदा, दोनदा. ऑफिसर झालं की दूर बदली. खोलीतल्या पोरांचं काय? दादा नाही म्हणाले. पुढच्या खेपेलाही नाही म्हणाले. आम्ही सगळे त्यांच्या त्यागाचं कौतुक करत राहिलो. पण त्यांना कोणी विचारलं नाही, "दादा, तुम्हाला काय पाहिजे?" मागं माणूस आहे, हे थोरल्याला सांगून झालं. थोरल्याच्या मागं कोण, हा प्रश्न घरात उमटलाच नाही. हे आमच्या त्या सुंदर जगाचं न फिटलेलं देणं आहे, आणि गल्लीतल्या प्रत्येक घरात एक थोरला असा होता. काही घरांत ती थोरली बहीण होती, आणि तिचं तर कौतुकही झालं नाही.

शेवटी विचारलं ते वहिनींनी. धाकट्याला नोकरी लागली त्या दिवशी त्यांनी सगळे पेढे वाटून झाल्यावर एक उरवला आणि दादांच्या हातावर ठेवला. "आता तुमचा लंबर." दादांनी चाळिशीनंतर बँकेची सी.ए.आय.आय.बी. परीक्षा दिली. खोलीतली पोरं त्यांना प्रश्न विचारायची, उत्तर चुकलं की पाटीवर नाही तर वहीवर फुली मारायची. ते ऑफिसर झाले, दूरच्या शाखेत गेले, आणि निवृत्तीनंतर इतिहासात एम.ए. झाले. पदवीचा फोटो घरात आहे. काळा गाऊन, आणि आत, कोणी कुठून शोधून काढला कोण जाणे, तो पांढरा सदरा. बटणं पोटावर लागत नव्हती, म्हणून गाऊनखाली उघडाच.

आता जिनिंगमध्ये कापूस पाइपातून ओढला जातो, लोटणाऱ्या बायांच्या ओळी गेल्या. २००२ नंतर बीटी आली, गावरान वाण शोधावा लागतो. वेचणीला माणूस मिळत नाही. टायपिंगच्या खोलीत संगणक आहेत. पिवळ्या फायलीतलं सगळं मोबाइलमध्ये मावतं आणि मुलाखत पडद्यावर होते, वर शर्ट आणि खाली बर्मुडा. काम वाईट झालंय असं मी म्हणणार नाही. आमच्या पोरी हिंजवडीत ज्या जागांवर बसतात, त्या जागा आत्याच्या स्वप्नातही नव्हत्या.

मात्र बहिणीचा मुलगा मागं फोनवर म्हणाला, "मावशी, सगळं चांगलं आहे. पगार चांगला, साहेब चांगला. पण सकाळी उठून कामाला बसावंसंच वाटत नाही." त्यानं भाषणं ऐकून झाली होती, वही घालून ध्येयं लिहून झाली होती. मी त्याला दोष दिला नाही. एकटा फ्लॅट, जेवण डब्याचं, काम पडद्यावरचं, आणि ते कोणासाठी, याचा तोंडावळा कुठं दिसत नाही. आमच्यात काही जास्तीची धमक होती असं मला वाटत नाही. आम्हाला फक्त कळत होतं, की आपण लवकर उठलो नाही तर कोणाचा तरी लंबर लांबतो.

मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक, दादांना फोन कर, आणि स्वतःचं रडगाणं सांगायला नाही, त्यांचं ऐकायला कर. दुसरी, मामाची मुलगी मानवतला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला मुलाखतीची भीती वाटते, रविवारी तिची तयारी घे. दादांना फोन त्यानं केला की नाही, विचारलं नाही. रविवार मात्र चालू आहेत. ती मुलगी चिवट आहे, शनिवारी रात्रीच त्याला प्रश्नांची यादी पाठवते, आणि त्यातले काही त्याला येत नाहीत म्हणून तो आता रात्री वाचत बसतो. परवा तक्रार करत होता, की ही पोरगी झोपू देत नाही.

जूनमध्ये ती पुण्याला जाईल. तिच्या मैत्रिणीची सोय तिच्याच खोलीवर करायची असं ठरलं आहे, आणि स्टोव्हऐवजी गॅसची छोटी शेगडी घ्यायची की विजेची, यावर घरात अजून एकमत नाही.